गल्लीत उतरवलेला गिअरबॉक्स

सिडकोतल्या आमच्या गल्लीत माणसाला नावापेक्षा त्याच्या जागेनं जास्त ओळखतात. जागा म्हणजे गाड्या जोडायच्या कारखान्यात पट्ट्यावर उभं राहायची जागा. पट्टा सरकत राहायचा आणि प्रत्येकानं आपलं एकच काम करायचं. माझे पप्पा इंजिनाला गिअरबॉक्स लावायचे. त्यांच्या पुढे उभा राहणारा बोल्ट आवळायचा, म्हणून तो बोल्टकाका. त्यांच्या मागे, डाव्या हाताला उभा राहणारा क्लच प्लेट बसवायचा, तो क्लचकाका. त्याची बायको क्लचकाकू. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण ही नावं काही सुटली नाहीत.

क्लचकाका मागच्या हिवाळ्यात गेला. झोपेतच गेला. मागे काकू राहिली आणि दारात त्याची जुनी लाल गाडी राहिली. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूचे गुडघे गेलेले. कळवणकडच्या गावात तिचा भाऊ आहे. त्यानं बोलावलं आणि तिनं जायचं ठरवलं.

मला ते अजिबात पटलं नव्हतं. मी युनियनच्या पत्रकांवर वाचायला शिकलेली मुलगी. पप्पा ती स्वयंपाकघरात बसून लिहायचे आणि मी शाळेतल्या कवितेसारखी पाठ करायचे. मी काकूला समोर बसवून सांगितलं की नवरा गेला म्हणून बाईनं स्वतःचं घर सोडून भावाच्या दारात जायचं ही रीतच चुकीची आहे, तू हक्कानं इथं राहायचंस.

काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर आहे बाई. आणि माझ्या गुडघ्यांबद्दल काय लिहिलंय तुझ्या पत्रकात?"

तिची अट एकच होती. जाईन तर त्यांच्या गाडीतून जाईन, एसटीनं नाही. गाडी नंतर तिकडेच भाच्याकडे ठेवायची. आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीचा गिअरबॉक्स गेला. दुसरा पडेना, तिसरा पडला तर निघेना, आतून खडखडाट.

मी पप्पांना म्हटलं, "मग नका करू दुरुस्त. गाडी बंद तोवर काकू इथं."

काकूनं जाऊ नये असं सगळ्यात जास्त पप्पांनाच वाटत होतं, हे मला माहीत होतं. क्लचकाका गेल्यापासून ते रोज सकाळी चहा घेऊन आमच्या समोरच्या तिच्या पायरीवर बसायचे. दोघं फार बोलायचे नाहीत. एक पेपर वाचायचा, दुसरी भाजी निवडायची. तरी ते माझ्यावर भडकले. "काम अडवून माणूस अडवायचा? याला टाळेबंदी म्हणतात. ती मालक करतो. आपण नाही करत."

रविवारी सकाळी त्यांनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. भंगार बाजारातून त्याच मॉडेलचा दुसरा गिअरबॉक्स आणला होता. बोल्टकाका जुनी सतरंजी घेऊन आला आणि गाडीखाली अंथरली. शेजारचे आजोबा गॅलरीतून ओरडले, "काय रे, कंपनी बंद पडली तर आता गल्लीत चालू केली का?"

"या की कामाला," बोल्टकाका खालून म्हणाला. "पगार नाय, पण चहा लय मिळंल."

बॅटरी काढली, ऑइल सोडलं, चाकांकडे जाणारे दांडे ओढून काढले. इंजिनाला खालून जॅकचा आधार दिला. बोल्टकाकानं गिअरबॉक्सचे बोल्ट सोडवले. मग दोन साठी ओलांडलेली माणसं उताणी झोपली आणि तो लोखंडाचा गठ्ठा हळूहळू छातीवर उतरवून घेतला. मी पायाकडून ओढला. जुना क्लचही झिजलेला होता, म्हणून नवी प्लेट घातली. ती मी आणि बोल्टकाकानं लावली. पप्पा तेव्हा नवा गिअरबॉक्स पुसत होते.

आणि नवा गिअरबॉक्स काही बसेना.

तीन-चार बोटं आत जायचा आणि थांबायचा. पप्पांनी हलवला, थोडा फिरवला, खांद्यानं रेटला. पुन्हा तिथंच. आयुष्यभर हेच एक काम केलेला माणूस. त्यांच्या कपाळाला ऑइल लागलं होतं आणि ते गोंधळले होते. मी त्यांना घाबरलेलं पाहिलंय, मोर्च्यात मार खाल्लेलं पाहिलंय, पण असं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

बोल्टकाका म्हणाला, "मी बोल्ट घालून आवळत जातो. ओढून घेतोच त्याला."

"फुटेल. हात लावू नको."

पप्पांनी गिअरबॉक्स पुन्हा बाहेर ओढला. मग पप्पांनी विचारलं, "प्लेट मध्यात कुणी आणली?"

क्लच प्लेट ही ताटलीएवढी चकती. मधोमध दातेरी भोक. गिअरबॉक्सचा दांडा त्या भोकातून सरळ आरपार जावा लागतो. चकती किंचित जरी खाली बसली तरी दांडा अडतो. ती आधी मध्यात धरायची आणि मगच वरचं झाकण आवळायचं. आम्ही ती मध्यात न आणताच आवळली होती. पप्पांनी पाहिलंही नव्हतं, कारण ते कधीच पाहत नसत. पट्ट्यावर त्यांच्यासमोर येणारी प्रत्येक प्लेट मध्यातच असायची.

"ते त्याचं काम होतं," बोल्टकाका हळूच म्हणाला.

माझ्या डोक्यात संताप उसळला. मी तिथंच सुरू झाले. "तुमच्या हातून हजारो गाड्या गेल्या आणि एकालाही अख्खी गाडी शिकवली नाही. माणसाचे असे तुकडे केले त्यांनी, आणि काम संपल्यावर—"

"भाषण नंतर," पप्पा म्हणाले. "टॉर्च धर."

मी टॉर्च धरला. उजेडात त्यांचा चेहरा दिसला. ते माझ्यावर रागावलेले नव्हते. गाडीखाली पडल्यापडल्या ते डावीकडे बघत होते. तिकडे कुणीच नव्हतं. फक्त चाक काढलेली रिकामी जागा होती.

बोल्टकाका सरकत बाहेर आला आणि सतरंजीवर बसला. पायरीवर काकू पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "राहू दे ना भाऊ. नाय झालं म्हणून सांगू. वहिनी राहील अजून थोडे दिवस. कोणाला कळतंय."

पप्पांनी पायरीकडे पाहिलं. मला वाटलं, ते हो म्हणतील. खरं सांगायचं तर, त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. सगळी तत्त्वं गुंडाळून.

"मला कळतंय," ते म्हणाले. "झाडू आण गं."

झाडूच्या दांड्याला त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली, भोकात बसेल एवढा जाड केला. झाकण सैल केलं, दांडा घालून चकती मध्यात आणली. मग डोळे मिटून बोटाच्या टोकानं कडेकडेनं चाचपत राहिले. दर वेळी थोडं हलवायचे, पुन्हा चाचपायचे. बोल्टकाकानं एकेक बोल्ट आलटून पालटून आवळला. दांडा काढला. गिअरबॉक्स उचलला.

या वेळी तो सरळ आत गेला. फार आवाजही झाला नाही. बोल्टकाका टाळी वाजवणार होता, पण पप्पांकडे बघून त्यानं हात खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी पप्पा, काकू आणि मी निघालो. दिंडोरी मागे पडेपर्यंत काकू खिडकीबाहेरच बघत होती. वणीच्या पुढे चढ लागला तसा पप्पांनी गिअर खाली घेतला.

"मऊ पडतोय," काकू म्हणाली. "ते असते तर म्हणाले असते, माझ्यामुळे."

"त्याच्यामुळेच," पप्पा म्हणाले. तिला वाटलं, ते तिचं मन राखतायत.

गावात भावाच्या ओट्यावर चहा झाला. भाच्यानं सामान आत नेलं. पप्पांनी त्याच्या हातात किल्ली दिली आणि क्लच अर्ध्यावर दाबून ठेवायचा नाही, असं दोनदा बजावलं. निघताना ते काकूसमोर उभे राहिले आणि इतके दिवस जे बोलले नव्हते ते तेव्हा बोलले.

"वहिनी, घर तसंच ठेवतो. झाडून-पुसून. तुम्हाला परत यावंसं वाटलं तर..."

"तसंच नका ठेवू भाऊजी," काकू म्हणाली. "कुणाला तरी राहायला द्या. समोर अंधार दिसला की तुम्ही जेवायचे नाहीत."

पप्पांनी मान हलवली. परतीच्या एसटीत ते झोपल्यासारखे डोळे मिटून बसले होते, आणि मी त्यांना हाक मारली नाही.

आता त्या घरात पेठ तालुक्यातून आलेलं एक जोडपं राहतं. दोघंही बांधकामावर जातात. संध्याकाळी त्यांचा दिवा लागला की पप्पा ताट वाढायला सांगतात.