रोज्यातली बोबोटी

"सवलत दुबळ्यांना," असं म्हणून खाला कमरेवर हात ठेवायच्या. मग पुढं बोलायची कुणाची टाप नसायची. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल, तर तुम्हाला ठाऊक असेलच.

आखातातल्या माबेलात त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहून जेवणाचे डबे द्यायच्या. मूळच्या दाभोळच्या. यंदा त्या गावी परतल्या आणि जिन्यातला मसाल्याचा वास गेला, म्हणून हे लिहायला बसले.

रोज्यात स्वयंपाक करणारीनं जिभेच्या टोकावर मीठ चाखून थुंकलं तरी चालतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. स्वतः मात्र ती सवलत त्यांनी कधी घेतली नाही. नुसत्या वासावर बिर्याणी जमवायच्या आणि वर्षभर त्याचा तोरा मिरवायच्या. हक्कच होता त्यांचा.

त्यांना पेचात पाडलं मी. माझ्या ऑफिसात केपटाउनची एक मुसलमान मुलगी होती. आई गेल्यानंतरचा तिचा पहिला रमजान. आईच्या हातची इफ्तारची बोबोटी तिच्या मनातून जात नव्हती. मी खालांना कृती सांगितली: मसालेदार खिमा, त्यात भिजवलेला पाव, बेदाणे, जर्दाळूचा जाम, वरून अंडं-दूध ओतून ओव्हनमध्ये भाजायचं.

"खिम्यात जाम? अगो बाय, कोणाचं लगीन कोणाशी लावतेस?"

पण हो म्हणाल्या. मी नेलेली विकतची करी पावडर बाजूला सारून घरचा मसाला घातला.

"खाला, आजचा दिवस चाखा ना," मी विनवलं. "पदार्थ नवा आहे. तिच्या आईचा आहे."

"माझा हात चुकायचा नाय."

मुलीला मी इफ्तारला खालांकडेच घेऊन आले. अजान झाली. खजूर झाला, पाणी झालं, मग बोबोटी. पहिल्या घासाला मुलीनं चमचा खाली ठेवला. मी खाऊन पाहिलं. मीठ कमी होतं, चांगलंच कमी. खालांनीही घास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. तो तसा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मिठाची बरणी आणली.

मुलीनं ताटावर हात आडवा धरला. ती इंग्रजीत बोलली, मी खालांना मराठीत सांगितलं. "तिची आईपण रोज्यात चाखायची नाही. रमजानात त्यांची बोबोटी अशीच अळणी व्हायची."

मुलगी डोळे पुसत जेवत होती. मलाही भरून आलं, आणि खालांचा अभिमान वाटला.

खालांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि ताठ मानेनं माझ्याकडे पाहिलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "चाखलं असतं तर बिघडलं असतं."