मराठी चार, इंग्रजी आठ

आमच्या संघात चार नंबरची जर्सी माझी आणि आठ नंबरची माझ्या एका मित्राची. तेव्हा बास्केटबॉलमध्ये नंबर चारपासूनच सुरू व्हायचे आणि चार बहुतेक कप्तानाला मिळायचा. म्हणजे कप्तान मी. तो नुसता उंच आणि देखणा. त्याचा बॉल बास्केटात गेला नाही तरी कानडी मुलखातल्या आमच्या केशवापूरची माणसं टाळ्या वाजवायची; माझा गेला तर 'जाणारच की' म्हणून गप्प बसायची. मला ते तेव्हा सहन व्हायचं नाही, आजही होत नाही.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी क्लबने टूम काढली: प्रेक्षकांनी आवडत्या खेळाडूचा नंबर चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. बाजारातले मराठी दुकानदार झाडून आले होते. कापडाचं दुकान लवकर बंद करून माझे वडील, अप्पाही आले होते. निकाल मी धरूनच चाललो होतो. लाऊडस्पीकर ओरडला, "एंटु!" कन्नडमध्ये आठ. बक्षिसाचा थर्मास त्याने काखेत मारला आणि इकडे माझा तिळपापड झाला.

घरी जाताना सायकलवरच मला उलगडा झाला. मराठी ४ घाईत काढला की वरची टोकं जुळतात आणि त्याचा इंग्रजी 8 होतो. चिठ्ठ्या मोजणारी दोन्ही पोरं कानडी. अख्ख्या बाजाराची मतं, माझी मतं, त्यांनी त्याच्या पदरात टाकली होती!

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या बघायला क्लबात गेलो. सेक्रेटरी म्हणाले, "बच्चल ओलिगे हाकिद्विरी." न्हाणीच्या चुलीत, आंघोळीचं पाणी तापवायला गेल्या होत्या. पुरावा जळाला, पण मला खोटं पाडायलाही काही उरलं नाही. मग पुढे कित्येक वर्षं हा हिशेब मी ज्याला त्याला ऐकवला, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

एका दिवाळीला तो आमच्याकडे फराळाला आला. आम्ही दोघंही नोकरीला लागलो होतो. त्याचं पोट सुटलं होतं, याचा मला मनापासून आनंद होता. हसत हसत मी त्याच्या तोंडावर पुन्हा तोच विषय काढला. "आमच्या अप्पांचा ४सुद्धा तुझ्याच खात्यात गेला बघ."

अप्पा चहा बशीत ओतत होते. "माझा कसा जाईल?" ते म्हणाले. "पावतीवर आकड्याशेजारी अक्षरी लिहायची सवय की रे आपल्याला. घोळ नको म्हणून चिठ्ठीवरबी अक्षरीच लिहिलो. आठ."

घरच्या पोराला मत देणं बरं दिसत नाही, असं काहीतरी ते आता म्हणतील म्हणून मी थांबलो. अप्पांनी चकल्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"छान खेळायचा रे हा," ते म्हणाले.