निरशा दुधाचं दही

बदलीवर जयपूरला आलेल्या समस्त मराठी माणसांत घराआधी म्हैस शोधणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका राजा पार्कात आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. विम्याची साहेबकी ते फावल्या वेळात करत. त्यांचं खरं काम दही लावणं, आणि तेही निरशा, म्हणजे न तापवलेल्या दुधाचं. माझ्याकडे दूध आलं की आधी गॅसवर चढतं. ते पाहून साहेब दारातच कळवळत. "वहिनी, जित्या दुधाला मारलंत की!" हे साताऱ्याकडचे. दुधाची ऊब ते फक्त डाव्या करंगळीने जोखत, उजवीवर त्यांचा विश्वास नव्हता. मटक्यात विरजण पडलं की घरात रेडिओ बंद आणि जिन्यात चपला हातात, कारण दही झोपलेलं असे. "बाबा, मतलब दह्याला नींद पण येते?" त्यांची मुलगी विचारायची. "तुझ्यापेक्षा शहाणी झोप येते," साहेब कुजबुजत.

पण या दह्याला घरातच गिऱ्हाईक नव्हतं. बायकोला तापवलेल्या दुधाचं लागे, मुलीला कोपऱ्यावरच्या हलवायाचं. साहेब मटक्यासमोर एकटेच बसून खात. म्हणून मराठी मंडळाच्या पाडव्याचं श्रीखंड आपल्या दह्याचं व्हावं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता आणि प्रत्येक बैठकीत तो बोलून दाखवला होता. जानेवारीत आमच्या अध्यक्षा, कर्नलसाहेबांच्या पत्नी, वैतागल्या. "या थंडीत निरशा दुधाचं दही लागतच नाही. लावून दाखवा. लागलं तर श्रीखंड तुमचं. नाही लागलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." साहेब चोरून दूध तापवत नाहीत ना, हे पाहायला चिटणीस म्हणून मला सोबत धाडलं. मी वहीत 'रविवार, आमेर, पहाटेची बस, स्वेटर दोन' असं लिहून टाकलं.

आमेरला गवळ्याच्या गोठ्यात साहेबांनी मटक्याच्या तळाला विरजण फासलं, तोंडाला फडकं बांधलं आणि मटकं थेट म्हशीखाली धरलं. "भैया, सीधी धार इसी में!" म्हशीच्या अंगची ऊब हीच त्यांची शेगडी. मग शालीत गुंडाळलेलं मटकं मांडीवर घेऊन आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. प्रत्येक खड्ड्याला साहेब गुडघे वाकवून अधांतरी उभे राहत. शेजारच्या घूंघटवाल्या बाईंनी विचारलं, "बच्चा है क्या, भाईसाब?" "उससे भी नाज़ुक," साहेब म्हणाले. बातमी पुढे पोचली. कंडक्टरने शिट्टी खिशात टाकली, ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला, आणि बस शहरात शिरेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. घरी मटकं दोन रजयांत गेलं. साहेबांनी दिवसभर स्वतः चादरीवर भागवलं.

संध्याकाळी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात सगळं मंडळ जमलं. साहेबांनी फडकं सोडलं, आत पाहिलं, आणि मटकं उचलून स्वतःच्या डोक्यावर उलटं धरलं. मी मोठ्याने दहा अंक मोजले. थेंब पडला नाही. "सरळ करा हो आता, माझा गालिचा आहे!" अध्यक्षा ओरडल्या, आणि टाळ्यांत त्यांच्याच सर्वांत जोरात होत्या. मी तिथल्या तिथे वहीत 'श्रीखंड' या शब्दापुढे साहेबांचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पाडव्याला आमेरहून अठरा मटकी आली, तीही अठराच्या अठरा धड. रबडी मागणारी आमची हिंदी बोलणारी पोरं बोटं चाटत होती. अध्यक्षांनी तीनदा घेतलं. साहेबांच्या बायकोने चमच्याच्या टोकाने चाखून पाहिलं आणि मग वाटी जवळ ओढली. साहेब मात्र जेवायला बसेनात. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, तरी पातेलं कमरेवर घेऊन पंगतीतून फिरत होते. माझ्याजवळ आले तेव्हा मी दटावलं, "भाऊजी, बसा आता. वाढायला माणसं आहेत."

"वहिनी, सहा गावं झाली," ते म्हणाले. "दही प्रत्येक गावात लावलं. कुणाला वाढायला मात्र हे पहिलंच."

माझं जेवण केव्हाच झालं होतं. मी वाटी पुढे केली.