नातीचं ऑफर लेटर

मी चौथीपर्यंत शिकलो आणि खडकीच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवली. नातीलाही यंत्रांची आवड, तिला मेकॅनिकल हवं होतं. मी म्हणालो, कॉम्प्युटरच घ्यायचं. आमच्या घरात माझं ऐकतात.

शेवटच्या वर्षी तिच्या हाती कंपनीचं ऑफर लेटर आलं आणि मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. रुजू कधी व्हायचं, ते कंपनी नंतर कळवणार होती. त्याला आता दीड वर्ष झालं. कंपनी अजून कळवतेच आहे.

शेवटी नातीनं वाघोलीच्या एका कॉलेजात हंगामी काम धरलं. ॲडमिशनला येणाऱ्या पालकांना कॉम्प्युटर शाखेचे फायदे सांगायचे. एकदा मीही तिथे गेलो आणि तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो. मुलाचा फॉर्म हातात घेऊन एक गृहस्थ तिला म्हणाले, "सगळं पटलं मॅडम, पण आपणही कॉम्प्युटरच्याच ना? आपल्याला लागली का नोकरी?"

नातीनं समोरच्या माहितीपत्रकाचं पान उलटलं. खरं सांगावं तर आहे तेही काम जायचं. मग मीच मागून म्हणालो, "लागली म्हणजे काय! ऑफर लेटर आहे घरी. मी तिचा आजोबा."

गृहस्थांनी लगेच सही केली.

परतताना बसमध्ये तिनं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाली, "आबा, उद्यापासून माझ्या खुर्चीवर तुम्हीच बसा."

"बसलो असतो," मी म्हणालो, "पण त्या कामाला पदवी लागते."