रागाची पायरी

विसरलेला डबा द्यायला शाळेत गेले, तर कुणीतरी आमच्या सईचं खडूनं काढलेलं चित्र पायानं पुसलं होतं. तिची मूठ वळली. मागच्या वर्षी ती एकीला चावली होती. पण सई तरातरा जाऊन नळाजवळच्या पायरीवर बसली.

"ती रागाची पायरी," बाई हळूच म्हणाल्या. "तिथं बसलेल्याशी कुणी बोलायचं नाही. राग उतरला की आपणच उठायचं."

थोड्या वेळानं सई उठली, नवा खडू घेऊन आली. मला हायसं वाटलं. आमच्या घरात रागाला बसायला जागाच नाही. तो भांडी आपटत घरभर फिरतो. बहुतेक वेळा माझाच.

निघताना मी त्या पायरीवर जरा टेकले. सई समोरून गेली, माझ्याकडे पाहिलं आणि नियमाप्रमाणे एक शब्दही बोलली नाही.