एस्तेरबाईंचा गुरुवार

कुणाची प्रार्थना लांबली की एस्तेरबाई मध्येच मोठ्यानं 'आमेन' म्हणत. बाकीचे घाईघाईनं 'आमेन, आमेन' करत डोळे उघडत, आणि प्रार्थना करणारा अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून बसे. माझ्यावर हा प्रसंग पहिल्याच गुरुवारी आला. मी नगरकडचा, नुकताच बदलीवर गोरेगावच्या कृषी कार्यालयात आलेलो. आमच्याकडे चांगली प्रार्थना म्हणजे लांब प्रार्थना. मी देशाच्या राज्यकर्त्यांपासून सुरुवात केली आणि जिल्ह्यातल्या आजाऱ्यांपर्यंत पोचतो न पोचतो तोच बाईंचं 'आमेन' येऊन आदळलं. नंतर चहाचा कप हातात देताना त्या म्हणाल्या, "सायेब, देवाले सारा मालूम असते जी. त्याले बातम्या कायले सांगता? तुमचा का दुखते ते सांगा."

मला राग आला होता. पण खोलीवर परतताना लक्षात आलं, की माझं काय दुखतं हे या गावात मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

गोरेगावात आमच्या मंडळीचं चर्च नव्हतं. रविवारच्या उपासनेला गोंदियाला जावं लागे. गावातली आणि आसपासच्या टोल्यांवरची, म्हणजे वाड्यावस्त्यांवरची, मोजकी घरं गुरुवारी संध्याकाळी बाईंच्या पुढच्या खोलीत जमत. बाई विधवा. ब्लाऊज शिवून घर चालवत. गुरुवारी शिलाई मशीन भिंतीला सरकवायची, कापडाचे तुकडे गाठोड्यात बांधायचे आणि चटया अंथरायच्या, हे काम त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल करी. तो गोंदियात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, रोज मोटारसायकलनं ये-जा करायचा. चटई अंथरताना आईच्या गाण्याची नक्कल करायचा. बाईंचा गळा खरोखरच बेसूर होता.

गोंदियाच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हा गट बाईंकडे सोपवला तेव्हा काहींना ते रुचलं नव्हतं. बाईंना उपदेश करता येत नसे. त्यांना प्रश्न विचारून गप्प बसता येई. पवित्र शास्त्रातला उतारा वाचून झाला की त्या म्हणत, "यात तुमच्यासाठी का हाय?" आणि थांबत. बाहेर एसटीचा हॉर्न वाजे, शेजारच्या कुकरची शिट्टी होई, माणसं चुळबुळत, पण बाई हलत नसत. शेवटी कुणीतरी खरं बोलायला लागे. कुणी नवऱ्याच्या दारूबद्दल, कुणी सासूबद्दल, कुणी स्वतःबद्दल. मग उठताना बाई सगळ्यांवर एकदा नजर फिरवत. "इथं सांडला ते इथंच पुसून जा. रस्त्यावर नेऊ नोका."

आणि गुरुवारी जो आला नाही, त्याच्या दारात शुक्रवारी सकाळी बाई उभ्या असत. काऊन नाही आलास, असं कधी विचारायच्या नाहीत. "चहा मांड," म्हणायच्या.

या गटात सुमन होती. जवळच्या टोल्यावर राहायची. तिचा नवरा देवराम ठेक्यानं धानाची शेती करी. तो तिला दारापर्यंत सोडायचा आणि स्वतः चौकात चहाच्या टपरीवर बसायचा. "मले नाई जमत जी असा बसना," एवढंच म्हणायचा. सुमन चौथीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून अडखळत वाचायची, तरी बाई वाचायला तिलाच पुढे करत. एकदा मी म्हणालो, "बाई, हिच्या वाचण्यात अर्धा वेळ जातो."

"जाऊ द्या जी. मी का जनमभर पुरनार हावो? कोनाले तरी हे लोकं सांभाळा लागल. तुमची तं बदली होते."

त्यांच्या मनात सुमन होती हे तेव्हा मला कळलं. सुमनला मात्र ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर त्या भागात धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू होते. घरापुढं जागा पुरत नाही, म्हणून शेतकरी डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घालतात आणि गाड्यांनी तुडवू नये म्हणून कडेनं दगड ठेवतात. सगळेच ठेवतात. त्या वर्षी एका तिन्हीसांजेला अमोल गोंदियाहून येत होता. समोरून ट्रक आला, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले, अमोलनं गाडी कडेला घेतली आणि चाक दगडावर गेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. धान कुणाचं होतं, हे गावात लगेच पसरलं. धान देवरामचं होतं.

दफनानंतरच्या गुरुवारी आम्ही नुसतं सोबत बसावं म्हणून गेलो. पाहतो तर चटया अंथरलेल्या. बाईंनीच अंथरल्या होत्या, जरा वाकड्या. गीत झालं, उतारा झाला. प्रार्थनेसाठी सगळे बाईंकडे पाहू लागले. त्या म्हणाल्या, "माह्यानं होत नाई. देवासमोर माहा तोंड उघडत नाई. तुमी करा. मी बसतो." आणि बसून राहिल्या. त्यानंतर हिवाळाभर त्यांनी प्रार्थना केली नाही. लोकांनी धीर द्यावा म्हणून वचनं म्हणून दाखवली, तर त्या ऐकून घेत आणि म्हणत, "असल बाप्पा." विश्वास डळमळला हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही आणि गुरुवारही चुकवला नाही.

सुमन यायची थांबली. थॉमसकाका, आमच्यातले वयानं वडील, एकदा स्पष्टच बोलले, "नाई येत हेच बरा हाय. कोनत्या तोंडानं येईल? बाई, तुमी केस करा." बाई चहाचे कप गोळा करायला उठल्या. शुक्रवारमागून शुक्रवार गेले. बाई घराबाहेर पडत नव्हत्या. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती.

मग एका शुक्रवारी त्या सकाळीच माझ्या खोलीवर आल्या. "सायेब, गाडी काढा. सुमनकडे जाऊन राहिलो."

चौकात मी विचारलं, "दुसऱ्या रस्त्यानं जाऊ या का?"

"नाई. याच रस्त्यानं."

ती जागा आली तेव्हा त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. मी वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही.

देवराम अंगणात दोर वळत होता. आम्हाला पाहताच दोर तिथंच टाकून घरात गेला. सुमन धावत आली आणि पायांवर पडली. बाईंनी पाय मागे ओढले.

"पाय नोको धरू. मले सहन होत नाई. उठ."

सुमन उठून बसली. मग ती म्हणाली, "बाई, ते दगड आमीच ठेवले जी. मी उचलून उचलून देल्ले."

"मालूम हाय."

"मंग तुमी कायले आल्या? शिव्या तं द्या मले."

"रस्ताभर देतच आलो. मनात." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माफ केला म्हनून नाई आलो. खोटा कायले बोलू? तू गुरुवारी नाई आली म्हनून आलो. चहा मांड."

सुमननं चहा मांडला, कप भरले. बाईंनी एक कप आतल्या दाराशी सरकवला. "त्याले दे." देवराम बाहेर आला नाही. पण कप आत गेला.

पुढच्या गुरुवारी सुमन आली. थॉमसकाका उठून गेले. आणखी दोन घरं त्यांच्या पाठोपाठ गेली. बाई त्यांच्याही दारात गेल्या. काका परतले, बाकीचे कधीच आले नाहीत. न आलेल्यांची आठवण बाई दर गुरुवारी नावानिशी काढत.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा सगळ्यांच्या प्रार्थना आटोपल्या आणि अचानक बाईंचा आवाज आला. "देवा, माहा अमोल." त्यापुढं शब्द नव्हता. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच आमेन म्हणवेना.

त्यानंतर त्यांनी गट सुमनच्या हाती दिला आणि स्वतः भिंतीला टेकून इतरांसारख्या बसू लागल्या. सुमन चुकली तरी मध्ये बोलत नसत. एका दुपारी त्या सुईत दोरा ओवत असताना मी विचारलं, "बाई, आता माफ झालं का?"

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. "रोज सकाळी करा लागते जी. कालचा आज पुरत नाई. कोनत्या दिवशी होते, कोनत्या दिवशी नाई होत. जवा नाई होत, तवाबी दार उघडाच ठेवतो."

माझी बदली भंडाऱ्याला झाली. वर्षभरानं बाईंच्या किडन्या गेल्या. शेवटचे महिने सुमन त्यांच्याकडेच राहिली. त्यांना न्हाऊमाखू घालायची, भरवायची. मी भेटायला गेलो तेव्हा बाईंना माझी ओळख पटायला वेळ लागला. पटली तेव्हा म्हणाल्या, "सायेब, तिकडं तुमाले कोनी विचारते का?" मी हो म्हणालो. ते खरं नव्हतं.

बाईंच्या दफनाला मी पोचलो तेव्हा पेटी खाली उतरवली होती. एकेक जण वाकून मूठभर माती टाकत होता. देवराम सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याची पाळी आली. त्यानं माती उचलली, हात पुढे केला, पण मूठ उघडेना. भोवतालची माणसं थांबली. सुमन जवळ गेली, काही न बोलता तिनं त्याची बोटं हळूहळू सोडवली. माती पेटीवर पडल्याचा आवाज झाला तसा तो तिथंच काठावर बसला आणि सख्ख्या आईसाठी रडावं तसा रडू लागला. पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो.