हेल्मेटभर मागूर

मी आयुष्यात एकाही संशयास्पद लिंकवर क्लिक केलेलं नाही.

आरमोरीला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. कम्प्युटरच्या सुरक्षेवर मी जेवढं बोललो असेन, तेवढं देवाचं नावही घेतलेलं नाही. पासवर्ड महिन्याला बदलतो. ब्राउझर अपडेट केल्याशिवाय चहा पीत नाही. कुठला ब्राउझर चांगला, यावर तर सातबारा काढायला आलेल्या माणसालाही अर्धा तास बसवून ठेवतो. (एक मेमरी खातो, दुसरा आपली माहिती खातो आणि तिसरा उघडतानाच दम खातो, असं माझं अभ्यासपूर्ण मत!) गाडीवर मात्र बोडक्या डोक्यानं फिरायचो.

"त्या डब्ब्याले एवढं जपता," माझी बायको रेखा एकदा म्हणाली, "आपल्या डोस्क्याले काऊन नाई जपत?"

"अवं, कम्प्युटरात महत्त्वाचं सामान असते!" मी म्हणालो.

हे वाक्य मी स्वतः, पूर्ण शुद्धीत उच्चारलं होतं.

शेवटी तिच्या कटकटीनं हेल्मेट मागवलं. ते निवडायला मला तीन आठवडे लागले. सदतीस टॅब उघडे! वजन, काच, पट्टा, आतला स्पंज, विकत घेणाऱ्यांची मतं, त्या मतांवरची इतरांची मतं. आलं तेव्हा रेखानं त्याला हळदकुंकू लावलं. मी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि ते कपाटावर ठेवून दिलं.

मग मे महिना आला. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन गडचिरोलीला ठरलं. आदल्या दिवशी त्यांना गावाहून आमच्याकडे आणायचं होतं. मामाजी तलावावर मासे धरणारे, सत्तरीतही खांद्यावरून जाळं असं फेकायचे की ते पाण्यावर गोल ताटासारखं पडायचं. रेखाची आई लवकर गेली. तिला वाढवलं ते ह्या माणसानं. त्यामुळे निघताना तिनं हेल्मेट स्वतः माझ्या डोक्यावर चढवलं.

"जाताना तुमच्या डोस्क्यावर, येताना बाबाच्या. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. तिचीच.

गावी पोचलो तर मामाजींनी सकाळीच मागूर मासे धरून ठेवलेले. आमच्या लोकांत बाप लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाही, आणि मागूर न्यायचे तर जितेच न्यायचे. आम्ही ते प्लास्टिकच्या पिशवीत भरले. मागराच्या कल्ल्यापाशी काटा असतो; त्यानं पिशवी फाडली. दुसरी आणली. तीही फाडली. तिसरीला तर पाणी ओतायच्या आधीच भोक! बादली गाडीवर बसेना. मामाजींचा चेहरा एवढासा झाला.

अशा वेळी माझं डोकं कम्प्युटरपेक्षा वेगानं चालतं.

"मामाजी, हेल्मेट!"

"जवाई, ते डोस्क्याचं ना?"

"वीस मिनिटांचा तं रस्ता आहे. इथी कुठी पोलीस बसले?"

हेल्मेट उलटं केलं, त्यात तलावाचं पाणी, पाण्यात मागूर आणि वरून ओलं गोणपाट. स्पंज कसा मस्त भिजला! सदतीस टॅबांपैकी एकातही हा उपयोग लिहिलेला नव्हता, आणि आपण घरी जाऊन तसं मत नोंदवायचं, असंही मी ठरवून टाकलं. मामाजी ते मांडीवर घेऊन मागे बसले. दोन माणसं, दोन उघडी डोकी आणि हेल्मेटमध्ये मासे.

अर्ध्या वाटेत फोन वाजला. दुकान त्या दिवशी रेखा सांभाळत होती.

"अवो, एका पोरीच्या नर्सिंगच्या फॉर्मची आज आखरी तारीख हाय. पेज उघडूनच नाई राह्यलं."

"कुठला ब्राउझर उघडला तू?"

"तुमी गाडी चालवून राह्यले का?"

"नाई, नाई. झाडाखाली थांबलो."

पुढे लोकांनी उन्हाळी धान अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलं होतं. गाड्या धानावर चढू नयेत म्हणून कडेनं दगड मांडलेले. आमच्याकडे ही दर वर्षीची रीत, मला दगडन्‌दगड ठाऊक.

"जवाई, दगड!" मामाजी मागून म्हणाले. एका डोळ्यानं त्यांना दिसला, मला दोन डोळ्यांनी दिसला नाही.

"एक मिनिट, मामाजी! हां, रेखा, तो ब्राउझर बंद कर, दुसरा उघड. वर कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात, ते दाब—"

तिनं ती दाबली की नाही, मला अजून माहीत नाही.

मी धानात पडलो. कपाळ फुटलं, पुढचे दोन दात गेले. मामाजी डांबरावर पडले. हात टेकले असते तर निभावलं असतं. पण त्यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं, लेकीचे मासे सांडू नयेत म्हणून. एकही सांडला नाही. मामाजींचं डोकं तेवढं रस्त्यावर आपटलं.

धान राखणाऱ्या बाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदर दाबून धरला. पदर बघता बघता लाल झाला. माझा फोन धानात कुठेतरी पडला होता आणि त्यातून रेखाचा आवाज येत होता, "काय झालं? अवो, बाबाले द्या ना फोन! बाबा!" मी धान उपसत होतो आणि फोन सापडू नये अशी मनातून प्रार्थना करत होतो. एवढा भित्रा मी त्याआधी कधीच नव्हतो.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मामाजी सहा दिवस बेशुद्ध होते. खांदाही असा मोडला की आता जाळं फेकणं संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रेखा माझ्याशी एकच वाक्य बोलली. "थांबलो म्हणले होते ना तुमी?" मी जिन्यात जाऊन रडलो. आपल्या हातून माणूस जाणार, ह्या भीतीला कुठलीही उपमा नाही.

सातव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर तपासायला आले.

"आजोबा, ही कोण?"

"रेखा. माही पोरगी."

रेखानं तोंडाला पदर लावला.

"आणि हे कोण?"

मामाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाई ओयखत."

डॉक्टर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "डोक्याला मार लागला की असं होतं. मनाला लावून घेऊ नका." ते गेले. मीही डोळे पुसत पडद्याबाहेर आलो आणि तिथंच उभा राहिलो. आतून मामाजींचा बारीक आवाज आला.

"गेला का तो?"

"बाबा! ओयखलं तुमी?"

"त्याले नाई ओयखीन? पन हो म्हणलं असतं, तं डॉक्टरनं मले त्याच्याच गाडीवर घरी धाडलं असतं!"

सात दिवसांत रेखा पहिल्यांदा हसली. मी पडद्याआडूनच पाय न वाजवता मागे फिरलो. पुढे डॉक्टर रोज विचारायचे, मामाजी रोज "नाई" म्हणायचे आणि मीही रोज चेहरा पाडून "वेळ लागेल" म्हणायचो. सुट्टी मिळाली तेव्हा बापलेक एसटीत पुढच्या बाकावर बसले. त्यांच्या गाठोड्यांसकट मी मागच्या बाकावर बसलो, आणि कंडक्टरनं "हे तुमच्यासोबत आहेत का?" असं विचारल्यावर दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं.